सीडीके-९ची सोयरीक: पेशीतलं प्रथिन कोणाकोणाबरोबर असतं ते मास स्पेकने कसं शोधायचं

मास स्पेकच्या (रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटर यंत्राच्या) खोलीबाहेर पोरं नळ्या घेऊन उभी राहिली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कंट्रोल कुठाय?" (कंट्रोल म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, ज्यात आपलं प्रथिन ओढलेलं नसतं.) बऱ्याचदा उत्तर येतं, "मॅडम, आधी हे एकदा चालवून बघू, कंट्रोल नंतर करते." मी नळ्या परत पाठवते. मागून मला खडूस म्हणतात, माहीत आहे. पण यंत्राचे दोन तास वाचतात आणि त्या पोरीचे सहा महिने.

मानवी पेशीतून कुठलंही प्रथिन ओढून काढा, त्याच्याबरोबर आलेल्यांची यादी यंत्र देतंच. कधी तीनशे नावं, कधी आठशे. रिकाम्या हाताने ते कोणालाच परत पाठवत नाही, हीच खरी पंचाईत. त्या नावांत सोयरे कोण आणि नुसते मांडवात शिरलेले कोण, हे यंत्राला कळत नाही. ते बरंचसं आधीच, बर्फावर नळ्या ठेवून तुम्ही जे अर्धा तास केलंत त्यात ठरून गेलेलं असतं.

म्हणून नवीन माणसाला मी सांगते की आपलं आवडतं, कोणी न अभ्यासलेलं प्रथिन बाजूला ठेव आणि ज्याचं उत्तर पुस्तकात आहे असं गणित आधी सोडव. माझं गणित आहे सीडीके-९. आपल्या पेशीत जनुकाची नक्कल काढणारा आरएनए पॉलिमरेज-२ थोडं अंतर जाऊन थबकतो. सीडीके-९ आणि त्याची जोडीदार सायक्लिन टी-१ मिळून फॉस्फेट चिकटवतात, आणि गाडी पुढे सरकते. इतकं ताकदीचं एन्झाइम मोकळं सोडून चालत नाही, म्हणून त्याचा मोठा हिस्सा पेशी कुलूपबंद ठेवते. कुलूप म्हणजे हेक्सिम-१ हे प्रथिन आणि ७एसके नावाचा साधारण ३३० अक्षरांचा आरएनए. त्या आरएनएला सांभाळणारी दोघं म्हणजे लार्प-७ आणि मेपसीई. कुलूप उघडलं की सीडीके-९ बीआरडी-४ किंवा एएफएफ-४ यांच्या संगतीत दिसतो. म्हणजे एकाच प्रथिनाचे दोन वेगळे गोतावळे. तुमच्या हातात कसब आहे की नाही ते या दोन्ही गोतावळ्यांतले किती जण सापडले त्यावरून लगेच कळतं.

शेपटी लावणे

सीडीके-९ला धरायला मूठ हवी. आम्ही फ्लॅग लावतो. आठ अमिनो आम्लांची शेपटी, तिला ओळखणारी एम-२ अँटिबॉडी बाजारात मिळते, आणि त्याच पेप्टाइडने नंतर ती सोडवूनही घेता येते. कुठल्या टोकाला लावायची हे नाणं उडवून ठरवू नका. प्रथिनाची रचना उपलब्ध असेल तर बघा, नसेल तर दोन्ही टोकांची प्लाझ्मिडं (जनुक पेशीत नेणारी डीएनएची गोल कडी) करा. सीडीके-९ला मागच्या टोकाला शेपटी चालते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रथिन किती बनतंय. सीएमव्ही प्रमोटर (जनुक जोरात चालवणारा डीएनएचा तुकडा) लावून पेशीत सीडीके-९चा महापूर आणलात, तर जोडीदार पुरत नाहीत आणि अर्धवट घडी पडलेलं प्रथिन सावरायला एचएसपी-७० धावत येतं. मग यादीच्या डोक्यावर एचएसपी-७०, त्याचा सोबती बॅग-२, आणि तुम्ही खूश की काहीतरी नवीन सापडलं. डॉक्सिसायक्लिनने चालू-बंद होणारी पेशीओळ तयार करा. वेळ जातो, पण एकदाच जातो. डॉक्सिसायक्लिन किती घालायचं? वेगवेगळ्या मात्रा देऊन वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) करा आणि सीडीके-९चीच अँटिबॉडी लावा. मूळ सीडीके-९ ४२ किलोडाल्टनला दिसतो आणि तिहेरी (ओळीने तीन शेपट्यांचा) फ्लॅगवाला त्याच्या किंचित वर. दोन्ही पट्ट्या सारख्या जाडीच्या दिसतील ती मात्रा धरा. वर ५५च्या आसपास आणखी एक पट्टी दिसली तर घाबरू नका, ते सीडीके-९चंच लांब रूप आहे.

पेशी एचईके-२९३टी. १९७३ साली हॉलंडमधल्या लायडनला फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए घातला. त्यांचा तो २९३वा प्रयोग, म्हणून नावात २९३. या पेशी भराभर वाढतात आणि डीएनए सहज घेतात. २०२०मध्ये सगळे घरात कोंडलेले असताना कोरोना विषाणूच्या २६ प्रथिनांची मानवी प्रथिनांशी ३३२ नाती सांगणारा अभ्यास आला, तोही याच पेशींत केलेला होता. अर्थात फुप्फुसाचा किंवा मेंदूचा प्रश्न असेल तर मूत्रपिंडाच्या पेशीला विचारून मिळालेलं उत्तर तेवढ्याच बेताने घ्यायचं.

एका नमुन्याला १५ सेंटिमीटरच्या दोन बशा, म्हणजे साधारण चार कोटी पेशी. सीडीके-९चे तीन नमुने, कंट्रोलचे तीन. हे तीन वेगवेगळ्या दिवशी वाढवलेले हवेत. एकाच बशीतला माल तीन नळ्यांत वाटून त्याला रेप्लिकेट (प्रयोगाची स्वतंत्र पुनरावृत्ती) म्हणणाऱ्यांना मी चहासुद्धा पाजत नाही. कंट्रोल म्हणजे तीच पेशीओळ, तेच डॉक्सिसायक्लिन, फक्त सीडीके-९च्या जागी फ्लॅग लावलेलं जीएफपी, म्हणजे पेशीत एरवी नसलेलं हिरवं चमकणारं प्रथिन. नुसत्या रिकाम्या पेशींचं कंट्रोल चालतं, पण शेपटीलाच कोण चिकटतंय हे त्यात कळत नाही.

बर्फावरचा अर्धा तास

इथे रेंगाळायला हवं.

पेशी फोडायचा बफर: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, १५० मिलिमोलर मीठ, अर्धा टक्का एनपी-४० (सौम्य डिटर्जंट), १ मिलिमोलर ईडीटीए, आणि ऐन वेळी प्रोटिएज आणि फॉस्फेटेज रोखणाऱ्या गोळ्या. सगळं चार अंशांवर गार. पुण्यात मे महिन्यात बर्फाची पेटी बाकावर ठेवली की वीस मिनिटांत तिचं पाणी होतं आणि नळ्या त्यात तरंगायला लागतात, तेव्हा दुसरी पेटी आधीच भरून ठेवा. रिपा बफर वापरू नका. त्यातल्या एसडीएस या कडक डिटर्जंटने पेशी छान फुटतात आणि नातीही छान तुटतात.

आता ईडीटीएची गोष्ट, कारण ती माझ्या अंगावर आलेली आहे.

पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा माझ्या बफरमध्ये ईडीटीए नव्हतं, मॅग्नेशियम होतं. पेशी फोडल्यावर केंद्रकातला डीएनए बाहेर आला आणि नळीत शेंबडासारखा तारेचा गोळा झाला. पिपेटमध्ये येईना, टोकाला लोंबत राही. शेजारच्या बाकावरच्याने सांगितलं, बेन्झोनेज टाक. टाकलं. दहा मिनिटांत द्राव पाण्यासारखा पातळ, मणी स्वच्छ, जेल देखणं. यादीत सायक्लिन टी-१ सगळ्यात वर. आणि हेक्सिम-१चा पत्ता नाही. लार्प-७ नाही, मेपसीई नाही. सगळ्या कुलपाचाच मागमूस नाही.

मी शेपटीवर संशय घेतला. शेपटी हलवून पुढच्या टोकाला लावली, नवी पेशीओळ बनवली. सव्वादोन महिने गेले. तरी हेक्सिम-१ नाही. मग एका संध्याकाळी बेन्झोनेजच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचताना ट्यूब पेटली: हे एन्झाइम डीएनए खातं तसा आरएनएही खातं. कुलूप ज्या ७एसके आरएनएवर उभं आहे, तोच मी खाऊ घालत होते.

तेव्हापासून बफरमध्ये ईडीटीए, कारण बेन्झोनेजला मॅग्नेशियम लागतं आणि ईडीटीए ते बांधून ठेवतं. पेशीतलीच न्यूक्लिएजं त्यानेच बरीचशी गप्प बसतात. चिकट गोळ्यासाठी बारीक सुईच्या सिरिंजमधून आठ-दहा वेळा हळूच वरखाली करायचं आणि मग चार अंशांवर पंधरा मिनिटं जोरात फिरवायचं. वरचा निवळ भाग घ्यायचा, खालचा गोळा मात्र फेकायचा नाही.

गोळा का ठेवायचा? मिठामुळे. १५० मिलिमोलर मिठात कुलूपबंद सीडीके-९ सहज सुटून येतो. पण बीआरडी-४बरोबर क्रोमॅटिनला (डीएनए आणि त्याच्या प्रथिनांच्या गुंडाळीला) बिलगून बसलेला त्या गोळ्यातच राहतो. तोच गोळा ३०० मिलिमोलरच्या बफरमध्ये पुन्हा ढवळलात की दुसरा गोतावळा हाती लागू लागतो. मीठ फार वाढवलंत तर कुलूपही सुटतं. एकाच बफरात सगळे सोयरे मिळत नाहीत. दोन बफर, दोन याद्या, आणि दोन्ही खऱ्या.

आता मी त्या चुकीचाच प्रयोग करून टाकलाय. दर वेळी नमुन्याचे दोन भाग करायचे, एकात आरएनए खाणारं आरएनएज-ए घालायचं, दुसऱ्यात नाही. जी नावं आरएनएज घातल्यावर गळतात ती आरएनएच्या आधाराने आलेली. हे नुसत्या सीडीके-९पुरतं नाही. आरएनए किंवा डीएनएला चिकटणारं कुठलंही प्रथिन ओढलंत तर राइबोसोमचं अख्खं बिऱ्हाड मागे येतं. त्यातलं कोण प्रथिनाचा हात धरून आलं आणि कोण एकाच आरएनएच्या दोरीवर लोंबकळत आलं, हे या चाचणीशिवाय सांगता येत नाही.

मणी, धुणं, आणि लोकरीची शाल

एम-२ अँटिबॉडी लावलेले चुंबकी मणी, नमुन्याला २५ मायक्रोलिटर. जास्त घातले तर जास्त मिळेल असं वाटतं. मिळतं ते कचरा. रिकाम्या मण्यांवर काहीही चिकटतं. चार अंशांवर दोन तास फिरवा. रात्रभर ठेवणारे आहेत. सैल नाती रात्रभरात सुटतात आणि भलतीच जुळतात, मी ठेवत नाही.

धुवायचं कसं? तीनदा त्याच बफरने, मग दोनदा एनपी-४० नसलेल्या बफरने. दुसऱ्या धुण्यानंतर मणी नव्या नळीत घ्या. नळीच्या भिंतीलाही प्रथिनं चिकटलेली असतात आणि मण्यांसोबत तीही यंत्रापर्यंत जातात. शेवटची दोन धुणी वगळायचा मोह होईल. एनपी-४० हा पॉलिइथिलिन ग्लायकोलचा भाऊबंद आहे. तो यंत्रात गेला की पडद्यावर ४४ डाल्टनच्या अंतराने कंगव्याच्या दातांसारखी टोकं उभी राहतात आणि पेप्टाइडं त्यांच्यामागे दडतात. स्तंभातून तो धुऊन काढायला दिवस जातो. एकदा कंगवा दिसला आणि बफरात तर एनपी-४० नव्हतंच. शोध घेता घेता कळलं, बफरची काचेची बाटली मावशींनी भांड्यांच्या साबणाने लख्ख घासून ठेवली होती. त्यांची काय चूक, मीच सांगितलं नव्हतं. आता मास स्पेकच्या बाटल्यांना लाल चिकटपट्टी आहे आणि त्या आम्हीच पाण्याने विसळतो.

मणी धुऊन झाले की तिहेरी फ्लॅग पेप्टाइड, मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅम, अर्धा तास, दोनदा, म्हणजे धरलेलं प्रथिन मण्यांवरून सुटून येतं. मण्यांवरच ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं एन्झाइम) घालायची पद्धतही आहे. सोपी आहे, पण मग अँटिबॉडीचे तुकडेही यादीत येऊन जागा अडवतात.

उतरवलेल्या मालातला दहावा हिस्सा जेलवर चालवून सिल्व्हर स्टेन (चांदीने प्रथिनांच्या पट्ट्या रंगवणं) करा. ४२च्या थोडं वर सीडीके-९, नव्वदच्या खाली सायक्लिन टी-१. ५० आणि २५ला गडद पट्ट्या असतील तर अँटिबॉडी सुटून आली आहे. कंट्रोलच्या रांगेत जीएफपी सोडून जवळजवळ काही दिसू नये. जेल बिघडलेलं दिसलं तर तिथेच थांबा. यंत्रावर नेऊन ते सुधारत नाही.

केराटिनबद्दल सगळे सांगतात, तरी सांगते. आपली कातडी, केस, धूळ, सगळं केराटिन. हातमोजे घाला, ते घालून चेहऱ्याला हात लावू नका, नळ्या उघड्या ठेवू नका. डिसेंबरात एक मुलगा आजीने विणलेला स्वेटर घालून बाकावर काम करत होता. त्याच्या यादीत मानवी केराटिन होतंच, शिवाय काही पेप्टाइडं मानवी डेटाबेसमध्ये बसेनात. मेंढीचा डेटाबेस जोडल्यावर बसली.

पेप्टाइड करणे आणि यंत्र

हा भाग पाककृतीसारखा आहे, त्यामुळे भराभर. युरियात प्रथिनं उलगडा, ५ मिलिमोलर डीटीटीने सल्फरचे पूल तोडा, मग १५ मिलिमोलर आयोडोअसिटामाइड घालून अर्धा तास अंधारात ठेवा म्हणजे ते पुन्हा जुळत नाहीत. युरिया असताना ३७ अंशांच्या वर तापवू नका, नाहीतर तो प्रथिनाला चिकटून ४३ डाल्टनचं नको असलेलं वजन वाढवतो. युरिया एक मोलरच्या आसपास विरळ करा, अर्धा मायक्रोग्रॅम ट्रिप्सिन घाला आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवा. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं, म्हणून तुकडे कुठून कुठपर्यंत असतील ते संगणकाला आधीच माहीत असतं. सकाळी आम्ल घालून थांबवा, सी-१८च्या टिपमधून मीठ काढा, वाळवा, ०.१ टक्का फॉर्मिक आम्लात विरघळवा.

पुढचं माझ्याकडे. केसाएवढ्या, ७५ मायक्रॉन पोकळीच्या स्तंभातून पेप्टाइडं तासाभरात एकेक करून बाहेर पडतात, टोकाशी विजेच्या दाबाने त्यांचा फवारा होतो आणि ती भारित होऊन आत ओढली जातात. ऑर्बिट्रॅप त्यांचं वजन मोजतो, मग त्यांना फोडून तुकड्यांचं वजन मोजतो. मी कंट्रोल आधी चालवते, मग रिकामा फेरा, मग सीडीके-९. उलट केलंत तर सीडीके-९चे उरलेले पेप्टाइड कंट्रोलमध्ये उगवतात आणि खरं नातं कचऱ्यात जातं.

यादी वाचणे

मॅक्सक्वांट किंवा तत्सम सॉफ्टवेअर प्रत्येक वर्णपटाला (तुकड्यांच्या वजनांच्या आलेखाला) मानवी प्रथिनांच्या यादीतल्या पेप्टाइडशी जुळवतं. त्याच वेळी उलटवलेल्या खोट्या यादीशीही जुळवतं, आणि खोट्यांत किती जुळले त्यावरून चुकीचं प्रमाण १ टक्क्यावर आणतं. हा १ टक्का फक्त "हे प्रथिन नळीत होतं का" याचा. ते सीडीके-९चं सोयरं आहे का, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांतसुद्धा हा घोटाळा मी पाहिलाय.

सोयरं आहे का ते कंट्रोलशी तुलना करून. सेंटएक्सप्रेस प्रत्येक नावाला गुण देतं: कंट्रोलपेक्षा किती जास्त, आणि तिन्ही वेळा जास्त की एकदाच. जोडीला क्रॅपोम बघा. जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या कंट्रोलमध्ये काय काय आलं ते तिथे जमा केलंय. अ‍ॅक्टिन, ट्युब्युलिन, एचएसपी-७०, राइबोसोमची प्रथिनं, ईएफ-१ए. लग्नात आचारी आणि फोटोग्राफर असतातच, म्हणून ते वरपक्षाचे होत नाहीत.

पण डोळे मिटून गाळू नका. एचएसपी-९० बहुतेक याद्यांत असतं, म्हणून पोरं ते पहिल्या फटक्यात उडवतात. सीडीके-९च्या बाबतीत एचएसपी-९० आणि त्याचा साथीदार सीडीसी-३७ हे खरे आहेत. सीडीके-९ला घडी घालून सायक्लिनच्या स्वाधीन करेपर्यंत तेच सांभाळतात. इथे आचारीच मुलाचा मामा निघाला.

व्होल्कॅनो प्लॉट (आडव्या अक्षावर कंट्रोलपेक्षा किती जास्त, उभ्यावर खात्री किती) सुंदर दिसतो, त्याच्यापासून जपून. कंट्रोलमध्ये जे प्रथिन दिसलंच नाही, त्याच्या जागी सॉफ्टवेअर एक छोटा आकडा स्वतःहून भरतं. त्या भरलेल्या आकड्यामुळे एखादं नाव उजव्या कोपऱ्यात उंच जाऊन बसतं. अशा प्रत्येक नावासाठी मूळ आकडे उघडा. तीनपैकी किती नमुन्यांत खरोखर दिसलं? पेप्टाइड किती? एकाच पेप्टाइडवर उभं असलेलं नाव मी यादीत ठेवते, पण पेन्सिलने.

मग बायोप्लेक्समध्ये जाऊन बघा. हार्वर्डच्या गायगी आणि हार्पर यांच्या गटांनी २०२१पर्यंत एचईके-२९३टीमध्ये दहा हजारांवर मानवी प्रथिनं एकेक करून ओढली आणि १,१८,१६२ नाती नोंदवली. तुमचं नाव तिथे असेल तर बरं. नसेल तर लगेच नाराज होऊ नका, त्यांचा बफर वेगळा होता.

खात्री करणे

यादीत हेक्सिम-१ आहे म्हणजे तो सीडीके-९ला टेकून बसलाय असं नाही. तो सायक्लिन टी-१ला आणि ७एसकेला धरून असतो. मास स्पेक फक्त एवढंच सांगतं की एकाच ओढीत दोघं आले. कोण कोणाला शिवतंय हे हवं असेल तर क्रॉसलिंकिंग (टेकलेली प्रथिनं रसायनाने एकमेकांना जोडणं) करावं लागतं, तो वेगळा खटाटोप. आणि मण्यांवर टिकतच नाहीत अशा ओझरत्या गाठीभेटी हव्या असतील तर टर्बोआयडी वापरा: प्रथिनाला एन्झाइम जोडायचं, बायोटिन द्यायचं, दहा मिनिटांत ते आसपासच्यांवर बायोटिनचा शिक्का मारतं. त्यात शेजारीही येतात, नुसते सोयरे नाही. न्यूक्लियसमध्ये फिरणाऱ्या टर्बोआयडी-जीएफपीचं कंट्रोल घेतल्याशिवाय त्या यादीला हात लावू नका.

सर्वांत स्वस्त आणि खात्रीची चाचणी म्हणजे उलटं ओढणं. यादीतल्या नावालाच धरून ओढायचं, शक्यतो शेपटी न लावता, त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडीने, आणि वेस्टर्नवर आपलं प्रथिन येतं का बघायचं. माझ्या बाकावर त्या सव्वादोन महिन्यांनंतर हेच केलं होतं. हेक्सिम-१ ओढला, ब्लॉटवर सीडीके-९ची अँटिबॉडी लावली. तीन रांगा: साध्या आयजीजीने (यातलं काहीच न ओळखणाऱ्या अँटिबॉडीने) ओढलेली, हेक्सिम-१ने ओढलेली, आणि हेक्सिम-१ने ओढलेली पण आरएनएज घातलेली. पहिली कोरी. दुसरीत ४२ला जाड काळी पट्टी. तिसरीत, त्याच उंचीवर, नखाच्या ओरखड्याइतकं काहीतरी, तेही प्रकाश वाढवून बघितल्यावर.